ड्रॅक्युला परत आल्यावर पुढे काय द्यावे?

(वाचन आणि ग्रंथालय यांविषयी वाचकांनी पाठविलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरे दिली जातात. रहस्यकथा, थरारकथा आणि रक्तपिपासू पिशाचांच्या कादंबऱ्या यांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडील तरुण सभासद नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून संपवतात, 'ड्रॅक्युला' वाचतात आणि मग "असेच आणखी काहीतरी द्या" म्हणतात. मी जे देते ते पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी न वाचता परत येते. निवड कशी करावी? खरेदीसाठी पैसे थोडे आहेत. इंग्रजी पुस्तके सुचवलीत तरी चालतील.

उत्तर : आपल्या पत्रातील कळीचा शब्द 'असेच' हा आहे. पुस्तक बदलायला आलेला प्रत्येक सभासद तो वेगळ्या अर्थाने वापरतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या रहस्यकथा-नायकांवर वाढलेल्या एका वयस्क सभासदांनी "काहीतरी रहस्यमय द्या" असे सांगितले, तेव्हा मी त्यांच्या हाती एक भयकादंबरी ठेवली होती. ती परत करताना ते म्हणाले, "बाई, मला घाबरायचे नव्हते, मला ओळखायचे होते." गुन्हेगार कोण हे ओळखायला निघालेला वाचक, अंधाराच्या कल्पनेने शहारू पाहणारा वाचक आणि काय घडणार हे समजल्यावर ते केव्हा घडणार याची श्वास रोखून वाट पाहणारा वाचक, हे तिघेही आपल्याकडे एकाच कपाटापाशी येतात, कारण त्या कपाटावर आपण 'रहस्य' एवढीच एक चिठ्ठी लावलेली असते.

म्हणून 'ड्रॅक्युला' परत करणाऱ्याला "आवडले का?" असे न विचारता "त्यातले काय लक्षात राहिले?" असे विचारावे. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी 1897 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात इतक्या निरनिराळ्या गोष्टी आहेत की, एकाच पुस्तकावर लुब्ध झालेल्या पाच वाचकांना पुढची पाच वेगळी पुस्तके द्यावी लागतात.

ज्याला पहिली चार प्रकरणे, म्हणजे जोनाथन हार्कर हा तरुण वकील काउंट (सरदार) ड्रॅक्युलाच्या गडावर अडकतो तो भाग विसरता येत नाही, त्याला शेरिडन ले फानूची 'कार्मिला' द्यावी. ती 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षे आधीची आहे, 1871-72 मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि आकाराने दीर्घकथेएवढीच आहे. ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात एका एकाकी वाड्यात वडिलांबरोबर राहणारी लॉरा आणि गाडीच्या अपघातानंतर तेथे पाहुणी म्हणून ठेवली गेलेली एक सुंदर, थकलेली, दुपार उलटल्याशिवाय खोलीबाहेर न येणारी मुलगी यांची ती कथा आहे. दोघींमधील ओढ इतक्या हळुवारपणे आणि इतक्या अस्वस्थ करणाऱ्या रीतीने लिहिली आहे की, भीती आणि प्रेम यांची सरमिसळ कोठे झाली हे वाचकाला नेमके दाखवता येत नाही. या सगळ्या प्रकारातले माझे सर्वांत आवडते पुस्तक हेच आहे आणि ते आपल्या वाचनालयात असावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

रोजनिशी, पत्रे, तारा, वर्तमानपत्रातील कात्रणे आणि जहाजाची नोंदवही यांतून कथा जुळत जाते याचेच ज्याला अप्रूप वाटले, त्याला रक्तपिपासूच हवा असतो असे नाही. त्याच्यासाठी विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' आहे. 1859-60 मध्ये साप्ताहिकातून प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत प्रत्येक जण न्यायालयात साक्ष द्यावी तसा आपल्याला ठाऊक असलेलाच भाग सांगतो, आणि स्टोकरच्या मांडणीवर तिची छाया स्पष्ट दिसते. कागदपत्रांचा शोध आणि रक्तपिपासू या दोन्ही गोष्टी हव्या असणाऱ्याला एलिझाबेथ कोस्टोवाची 2005 मधील 'द हिस्टोरियन' द्यावी. वडिलांच्या ग्रंथसंग्रहात एका मुलीला सापडलेले जुने पुस्तक आणि पत्रांची चवड येथून निघालेली ही कथा ऑक्सफर्ड, इस्तंबूल, बुडापेस्ट, बल्गेरिया असा प्रवास करते आणि तिच्यातील निम्मी भीती अभिलेखागारांत आणि वाचनकक्षांत घडते. मात्र ती फार मोठी आणि संथ आहे, हे सभासदाला आधीच सांगावे. संथ पुस्तकाची पूर्वकल्पना असली की वाचक टिकतो, नसली की पन्नासाव्या पानावर सोडतो.

संपूर्ण गाव हळूहळू पोखरले जाण्याची भीती ज्याला भिडली, त्याच्यासाठी स्टीफन किंगची 1975 मधील 'सालेम्स लॉट' आहे. किंग शाळेत 'ड्रॅक्युला' शिकवीत असे, आणि तो काउंट आजच्या अमेरिकेतील एखाद्या लहान गावात आला तर काय होईल, या विचारातून ही कादंबरी निघाली. आपल्या सभासदांना तिची वाट आधीच माहीत असण्याचा संभव आहे, कारण धारपांची 'लुचाई' याच कादंबरीवर बेतलेली आहे. दोन्ही लागोपाठ वाचायला द्याव्यात. मूळ कथेतील मेन राज्यातले गाव, तेथील खानावळ आणि चर्च ओलांडून धारपांनी ते भय मराठी घरांच्या अंगणात कसे आणले, हे पाहण्यात तरुण वाचकाला गोडी वाटते, आणि त्या निमित्ताने रूपांतर म्हणजे काय याचा धडाही तो न कंटाळता शिकतो.

काही वाचकांना काउंटशी झुंजणाऱ्या डॉक्टर व्हॅन हेल्सिंगची वैद्यकीय बाजू आवडते. काउंटची शिकार झालेल्या ल्यूसीला चार जणांचे रक्त दिले जाते तो प्रसंग त्यांना आठवतो. रक्तगटांचा शोध 1901 मधला, म्हणजे कादंबरीनंतरचा आहे, हे त्यांना जरूर सांगावे. अशा वाचकांसाठी रिचर्ड मॅथिसनची 1954 मधील 'आय ॲम लेजेंड' योग्य आहे. सगळे जग रक्तपिपासू झाल्यावर लॉस एंजेलिसमध्ये उरलेला एकटा माणूस दिवसा घराची डागडुजी करतो, रात्री दारावरच्या हाका ऐकतो आणि या रोगाचे कारण शोधण्यासाठी ओस पडलेल्या ग्रंथालयात जाऊन शरीरशास्त्राची पुस्तके आणतो. ज्यांनी याच नावाचा चित्रपट पाहिला आहे, त्यांनाही पुस्तक द्यावे, कारण कादंबरीचा शेवट निराळा आणि कितीतरी अधिक खोल आहे.

शेवटचा वाचक तो, ज्याला त्या काउंटच्या मनात काय चालले असेल याचे कुतूहल वाटते. स्टोकरने त्याला एकही पान स्वतःच्या शब्दांत बोलू दिलेले नाही. हे मौन ॲन राइसने 1976 मध्ये 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' लिहून मोडले. त्यातील क्लॉडिया ही कायम लहान राहिलेली मुलगी वाचताना, लेखिकेची स्वतःची मुलगी 1972 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वयाची सहा वर्षे पूर्ण होण्याआधीच गेली होती, हे ठाऊक असले तर त्या पानांचे दुःख अधिक जवळून समजते.

पैशांविषयी : स्टोकर 1912 मध्ये, ले फानू 1873 मध्ये आणि कॉलिन्स 1889 मध्ये वारले. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे या तिघांची मूळ पुस्तके कोणालाही मोफत उतरवून घेता येतात, छापता येतात आणि त्यांचा अनुवादही करता येतो. 'कार्मिला'चा अनुवाद आपल्या तरुण सभासदांनी प्रकरणे वाटून घेऊन वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी करावा, अशी माझी सूचना आहे. विकत घेण्याचे पैसे किंग, मॅथिसन आणि राइस यांच्यासाठी राखावेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयातील 'ड्रॅक्युला'मध्ये काउंट भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो. उन्हात तो जळून जायला हवा होता. ही अनुवादकाची चूक आहे का? तसेच मूळ इंग्रजी पुस्तक बी.ए.च्या विद्यार्थ्याला झेपेल का?

उत्तर : अनुवादकाची काहीही चूक नाही. स्टोकरचा काउंट दिवसा फिरू शकतो, दिवसा त्याच्या शक्ती तेवढ्या मर्यादित होतात. रक्तपिपासू सूर्यप्रकाशाने नष्ट होतो ही कल्पना 1922 मधील 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून रूढ झाली. तो चित्रपट परवानगी न घेता कादंबरीवरून काढलेला होता, म्हणून स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या आणि ऊन जाळते हा नियमही त्यांच्याबरोबर वाचला.

मूळ इंग्रजी झेपेल. अडचण एकाच ठिकाणी येते. सहाव्या प्रकरणात इंग्लंडमधील व्हिटबी या गावच्या दफनभूमीत बसणारा म्हातारा यॉर्कशायरच्या बोलीत लांबलचक बोलतो, आणि तेथे बरेच जण पुस्तक मिटतात. ती पाने भरभर नजरेखालून घालून पुढे जावे, सातव्या प्रकरणातील वादळ आणि 'डिमीटर' जहाजाची नोंदवही आपल्याला पुन्हा धरून ठेवील.

ग्रंथालयात वाढणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट सांगाविशी वाटते. काउंटचा गड ज्या ट्रान्सिल्व्हेनियात आहे, तेथे स्टोकर कधीही गेला नव्हता. 1890 च्या उन्हाळ्यात व्हिटबी येथे मुक्कामाला असताना तेथील ग्रंथालयातून त्याने वलाकिया आणि मोल्डाविया या प्रांतांविषयीचे विल्किन्सनचे पुस्तक घेतले, आणि त्यातच त्याला 'ड्रॅक्युला' हे नाव सापडले. पुढची काही वर्षे तो लंडन लायब्ररीचा सभासद होता, आणि त्याच्या टिपणांशी जुळणाऱ्या खुणा असलेली पुस्तके अजून आपल्या कपाटांत आहेत, असे त्या ग्रंथालयाने 2018 मध्ये जाहीर केले. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करू नयेत असे मी नोकरीभर सांगत आले आणि आजही सांगते, तरी त्या समासांतील रेघा पाहायला मिळाल्या तर मला अतिशय आनंद होईल.

प्रश्न : माझे वय एकाहत्तर आहे. रात्री वाचल्याशिवाय झोप येत नाही. उत्कंठा हवी, पण रक्तपात, अत्याचार आणि भुतेखेते नकोत. अशी पुस्तके असतात का?

उत्तर : असतात, काका, आणि त्यांपैकी काही या प्रकारातील सर्वोत्तम पुस्तके आहेत. चित्रपट-दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने हे एका उदाहरणाने समजावून दिले होते : टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकांना ठाऊक नसेल, तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंद टिकतो, परंतु ते ठाऊक असेल आणि टेबलाशी बसलेली माणसे निवांत गप्पा मारीत असतील, तर पंधरा मिनिटे जीव टांगणीला लागतो. उत्कंठेला रक्त लागत नाही, तिला वाचकापाशी असलेली आणि पात्रापाशी नसलेली एक माहिती पुरते.

आपण डॅफ्ने द्यु मोरिएच्या 'रेबेका'पासून (1938) सुरुवात करावी. मोठ्या घरात दुसरी पत्नी म्हणून आलेली एक बुजरी तरुणी, तिच्या आधीच्या मृत पत्नीचे नाव घरभर, आणि त्या आठवणीची राखण करणारी कारभारीण, एवढ्याच सामग्रीतून ही कादंबरी उभी राहते. निवेदिकेचे नाव शेवटपर्यंत सांगितले जात नाही, तरी ते आपल्याला आठवत नाही असा भास होत राहतो. तिच्या भीतीचे मूळ आपण कोणाच्या तरी जागी आलो आहोत या भावनेत आहे, आणि लग्न होऊन नव्या घरात आलेल्या कोणालाही ती परकी वाटणार नाही, म्हणून काकूंनाही वाचायला द्यावी.

त्यानंतर फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' (1971). फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्यासाठी नेमलेल्या मारेकऱ्याची ही तयारी आहे, आणि द गॉल कोणाच्या गोळीने मेले नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही खोटे पारपत्र कसे मिळवले जाते, बंदूक कशी बनवून घेतली जाते याचे बारकावे वाचताना पान उलटण्याची घाई होते. यात काही हत्या आहेत, पण लेखक त्यांच्यापाशी रेंगाळत नाही. जपानी लेखक केइगो हिगाशिनो याच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये तर खून कोणी केला हे सुरुवातीलाच दिसते, आणि गणिताच्या एका शिक्षकाने तो लपवण्यासाठी रचलेली मांडणी त्याचाच जुना पदार्थवैज्ञानिक मित्र कशी उलगडतो, हे पाहण्यात पुस्तक सरते. सुरुवातीचा तो प्रसंग थोडा कठीण आहे, तो दिवसा वाचावा. शेवट वाचल्यावर मात्र मी बराच वेळ पुस्तक मिटून हातात धरून बसले होते.

ॲगाथा क्रिस्टीचे नाव आपल्याला ठाऊक असणारच. आपल्याला उत्कंठा हवी असेल तर तिच्या पुस्तकांतून 'अँड देन देअर वेअर नन' (1939) निवडावे, कारण त्यात ओळखण्याच्या कोड्याइतकीच वाट पाहण्याची भीतीही आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. मैत्रिणींमुळे तिला व्हॅम्पायरची पुस्तके वाचायची आहेत. ग्रंथालयात तिने एक स्वीडिश कादंबरी निवडली, कारण त्यातील मुलगाही बारा वर्षांचा आहे. देऊ का?

उत्तर : ती कादंबरी जॉन आयविदे लिंडक्विस्टची 'लेट द राइट वन इन' (2004) असेल, तर आताच देऊ नये. ती उत्तम कादंबरी आहे. स्टॉकहोमच्या एका उपनगरात 1981 मध्ये शाळेत छळ सोसणारा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली यांची मैत्री तिच्यात फार हृद्य आहे. परंतु मुलांवरील लैंगिक अत्याचार आणि तीव्र हिंसा यांचे चित्रण तिच्यात आहे. नायकाचे वय पाहून पुस्तकाचे वय ठरवता येत नाही, आणि ही चूक पालकांइतकीच ग्रंथालयांतही होते. मुलीला "हे वाईट पुस्तक आहे" असे सांगू नये, "हे तुझ्यासाठी आणखी पाच-सहा वर्षांनी आहे" असे सांगावे. पहिल्या वाक्याने मूल चोरून वाचते, दुसऱ्याने बहुधा थांबते.

तिच्या हाती आज 'बनिक्युला' (1979) द्यावे. डेबोरा आणि जेम्स हाउ यांच्या या पुस्तकात, ड्रॅक्युलाचा चित्रपट चालू असलेल्या चित्रपटगृहात सापडलेला ससा एका कुटुंबात येतो, आणि काही दिवसांतच घरातील भाज्या रस शोषल्यासारख्या पांढऱ्या पडू लागतात. गोष्ट घरातला कुत्रा सांगतो आणि संशय घरातल्या मांजराला येतो. त्यानंतर अँगेला झोमर-बोडनबुर्ग हिच्या 'द लिट्ल व्हॅम्पायर' या जर्मन मालिकेचे इंग्रजी अनुवाद द्यावेत. मैत्रिणी 'ट्वायलाइट'विषयी बोलत असतील, तर स्टेफनी मायरची ती मालिका चौदा-पंधराव्या वर्षी वाचायला हरकत नाही, पण आईनेही ती वाचावी. नायक न विचारता नायिकेच्या खोलीत शिरून ती झोपली असताना तिच्याकडे पाहत बसतो, ते प्रेम म्हणावे का, हा प्रश्न मायलेकींनी एकदा बोलून घ्यावा असा आहे.

प्रश्न : वेताळ म्हणजे आपला व्हॅम्पायरच ना? मग 'वेताळपंचविशी' त्याच कपाटात लावावी का?

उत्तर : लावू नये. हा गैरसमज 1870 मध्ये रिचर्ड बर्टनने आपल्या रूपांतराला 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' हे नाव दिल्याने इंग्रजी वाचकांत पक्का झाला. वेताळ स्मशानातील प्रेतात वास करतो, झाडाला लटकतो आणि राजाच्या खांद्यावर बसून त्याला न्यायाचे अवघड प्रश्न घालतो. त्याला रक्त नको असते, उत्तर हवे असते. शिवाय आपल्याकडे तो देव आहे. गोव्यात आमोणे आणि पैंगीण येथे बेताळाची देवळे आहेत, आणि सिंधुदुर्गातील आरवलीच्या वेतोबाला भक्त आजही मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात, कारण गावाच्या राखणीसाठी तो रात्री फिरतो अशी श्रद्धा आहे. गावाबाहेरून येऊन रक्त पिणारा काउंट आणि गावाची गस्त घालणारा वेतोबा यांना एका फळीवर बसवणे योग्य नाही. 'वेताळपंचविशी' लोककथांत लावावी, आणि भयकथेच्या वाचकाला ती आवर्जून दाखवावी.

प्रश्न : आमच्या वाचन मंडळात बारा महिला आहेत. दर महिन्याला एक पुस्तक सर्वांनी वाचून चर्चा करतो. पुढच्या महिन्यात थरारक पुस्तक घ्यायचे ठरले आहे.

उत्तर : आपल्या मंडळासाठी ग्रेडी हेंड्रिक्सची 'द सदर्न बुक क्लब्स गाइड टू स्लेइंग व्हॅम्पायर्स' (2020) घ्यावी. अमेरिकेतील चार्ल्स्टनजवळच्या एका उपनगरात, नव्वदच्या दशकात, घरसंसार सांभाळून गुन्हेकथा वाचणाऱ्या काही गृहिणींच्या वाचन मंडळाची ही गोष्ट आहे. नवा शेजारी कोण आहे हे त्यांच्यातील एकीला कळते, आणि तिचे कोणीही ऐकत नाही, नवरा तर अजिबातच नाही. शेजारच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतील मुले आधी नाहीशी होत असतात आणि त्याची दखल कोणी घेतलेली नसते, हा तिच्यातील सर्वांत बोचरा भाग आहे, आणि चर्चा तेथूनच सुरू करावी असे मला वाटते. उंदरांचा एक प्रसंग आणि झुरळाचा एक प्रसंग अतिशय किळसवाणा आहे, ज्यांना सोसणार नाही त्यांना आधी कल्पना द्यावी. पुस्तक मोठे असल्यामुळे दोन बैठका ठेवाव्यात, आणि पहिल्या बैठकीला पुढचे वाचून आलेल्यांनी शेवटाविषयी काही बोलू नये, एवढा एक नियम आधीच ठरवून घ्यावा.